आधी चव, मग पथ्य

पाकिटातलं खाणं कमी करून घरच्या ताटावर यायचं आणि ते ताट कुठल्याही दिवशी बेचव होऊ द्यायचं नाही, एवढं मी सुरुवातीलाच ठरवून टाकलं होतं. दुसरी अट मला पहिलीइतकीच महत्त्वाची वाटत होती. पथ्याचं खाणं घरोघरी का मोडतं हे मी नात्यात पुष्कळ पाहिलंय. उकडलेला दुधी, कोरडी चपाती, वाटीभर काकडी असं चार दिवस चालतं. मग कुणाचं तरी बारसं निघतं, जिभेवर तिखट-मीठ पडतं आणि घडी पुन्हा जुन्या जागी येते. अशा वेळी आपण म्हणतो, मन खंबीर नव्हतं. माझं मत वेगळं आहे. ताटात चव नव्हती, म्हणून ते टिकलं नाही.

निमित्त झालं रक्ताच्या तपासणीचं. मी लातूरला एका पतसंस्थेत काम करते, म्हणजे दिवसभर खुर्ची. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर थकवा फार जाणवायला लागला म्हणून तपासण्या केल्या. रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारं एचबीए१सी ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून पुढं मधुमेह. त्याच महिन्यात दहावीतल्या लेकीचं हिमोग्लोबिन १०.४ निघालं, जे तिच्या वयाला १२ च्या वर हवं. डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्हाला गोळी आत्ता नको. रोज चालणं सुरू करा आणि स्वयंपाकघरात काय बदलता येतं ते बघा. मुलीला मात्र लोहाच्या गोळ्या देतो, त्या चुकवू नका."

घरी आल्यावर मी आधी फडताळ उघडून महिन्याचा हिशोब मांडला. आम्ही पाच माणसं: आम्ही दोघं, दोन लेकरं आणि सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते. तेलाचा पंधरा किलोचा डबा दोन महिन्यांत संपत होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्यानं काढली. त्यात दोन हजार उष्मांकांच्या आहारासाठी दिवसाला साधारण २७ ग्रॅम तेल-तूप धरलंय. पाच माणसांना महिन्याचं चार किलोच्या आसपास. आम्ही जवळजवळ दुप्पट वापरत होतो, आणि त्यात बाहेरचं फरसाण, खारी, भजी धरलेलीच नव्हती. मिठाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ ठेवा म्हणते. पाच जणांचं महिन्याला पाऊण किलो. किलोची पिशवी महिनाभर पुरून उरायला पाहिजे, तीही लोणची-पापडातलं मीठ धरून. तेव्हापासून मी तेलाच्या डब्यावर आणि मिठाच्या पिशवीवर फोडल्याची तारीख लिहिते. ताटागणिक मोजमाप करायला आपल्याकडं वेळ नसतो, घर मोजमापाला वैतागतं. डब्यावरची तारीख मात्र कुणाला त्रास न देता खरं काय ते सांगते.

फडताळ रिकामं करण्याआधी मी ते भरायला घेतलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. बिस्किटं, नूडल्स, फरसाण आधी काढून टाकलं असतं तर संध्याकाळी पाच वाजता शाळेतून आलेलं पोर काय खाणार? त्याच्या हाताला लागेल असं काहीतरी चवीचं आधी तयार पाहिजे. म्हणून पहिला रविवार आम्ही भाजण्यात घालवला, आणि या सगळ्या प्रकरणात आत्याबाई खऱ्या अर्थानं गुरू झाल्या त्या तिथून.

मी त्यांना म्हटलं होतं, "आत्याबाई, तेल निम्म्यावर आणायचंय. भाज्या सपक लागतील, तुम्ही सांभाळून घ्या."

त्या म्हणाल्या, "तेल कमी केलं की भाजी सपक होती म्हणून कोण म्हणलालं? भाजणं कच्चं राहिलं की सपक होती. बस माझ्याजवळ."

त्यांनी येसर करायला घेतला. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सविस्तर सांगते, कारण कमी तेलात दाट, खमंग आमटी हवी असेल तर याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मला सापडलेलं नाही. गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, थोडी उडदाची डाळ, मूठभर तांदूळ. हे सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण तांदूळ लवकर फुलतो, हरभऱ्याच्या डाळीला वेळ लागतो, आणि एकत्र टाकलं की एक करपतं न् दुसरं कच्चं राहतं. आच मंद. डाळीचा वास घरभर सुटला आणि दाणा दाताखाली कुरकुरला की उतरवायची. मग धणे, जिरे, मिरे, लवंग, दालचिनी, दगडफूल, सुकं खोबरं, वाळलेल्या लाल मिरच्या, हळद. खोबऱ्याला स्वतःचं तेल सुटतं, वरून घालावं लागत नाही. सगळं गार झालं की दळायचं. आमटी करताना फोडणीत लसूण आणि कढीपत्ता, त्यावर पाणी, पाण्याला उकळी आली की गार पाण्यात कालवलेलं दोन-तीन चमचे येसर सोडायचं आणि ढवळत राहायचं. भाजलेल्या धान्यानं रस्सा आपोआप दाट होतो. तर्रीसाठी जे पळीभर तेल जायचं, ते इथं लागतच नाही. आमच्या गावाकडं लग्नघरात येसर हमखास व्हायचा. शहरात येऊन आम्ही तयार मसाल्याच्या पाकिटावर कधी गेलो, ते कळलंही नव्हतं.

त्याच दिवशी जवसाची, कारळाची आणि शेंगदाण्याची अशा तीन चटण्या झाल्या. जवस तव्यावर तडतडेपर्यंत भाजावं लागतं आणि कुटून किंवा दळूनच खावं लागतं, कारण अख्खा दाणा पोटातून तसाच निघून जातो. त्यातलं ओमेगा-३ जातीचं स्निग्ध अंगी लागायचं तर दाणा फुटलेलाच हवा. पण फुटलेलं जवस लवकर खवट होतं, म्हणून आठवड्यापुरतंच करायचं. कारळाला लसूण आणि थोडी चिंच हवी. शेंगदाण्याची चटणी यजमानांनी केली. उखळात बत्त्यानं कुटत ते तास-दीड तास बसले होते. मिक्सरमध्ये शेंगदाण्याचा भुगा होतो, कुटल्यावर तेल सुटून ती चटणी एकजीव होते, आणि अशी चटणी भाकरीबरोबर असली की भाजीवर तेलाचा तवंग दिसला नाही तरी कुणी कुरकुर करत नाही. तेव्हापासून चटणीचं खातं त्यांच्याकडंच आहे. हे मी मुद्दाम लिहितेय. घरच्या सकस जेवणाचे सगळे गोडवे शेवटी एकाच बाईच्या मनगटावर पडणार असतील, तर ते जेवण वर्षभरसुद्धा टिकत नाही. आमच्याकडं निवडणं लेकीकडं, चटणी आणि बाजार यजमानांकडं, भाजणं आत्याबाईंकडं, आणि रोजचा स्वयंपाक माझ्याकडं अशी वाटणी झाली. धाकटा रोज रात्री कडधान्य भिजत घालतो. तो विसरला तर दुसऱ्या दिवशी उसळ नसते, एवढं त्याला पक्कं माहीत आहे.

मग भाकरी. इथं मला थोडं थांबायचंय, कारण भाकरीबद्दल हल्ली फार मोठे दावे ऐकू येतात.

ज्वारीनं साखर बरी होते, असं मी म्हणणार नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण दहा ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढाच चोथा असतो. कोंड्यासकट दळलेल्या गव्हातही चोथा काही कमी नसतो. शेवटी दोन्ही धान्यंच, आणि चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढायची ती वाढतेच. आमच्या घरात फरक पडला तो दुसऱ्याच कारणानं. आमची चपाती घडीची. आत तेल, भाजताना तेल, वरून तुपाचा हात. भाकरीला थेंबभर तेल लागत नाही. शिवाय भाकरी सावकाश चावून खावी लागते आणि तिच्यासोबत पातळ काहीतरी लागतंच, म्हणजे आमटी, वरण, ताक, पालेभाजी. ताटात डाळ आणि भाजी आपोआप वाढली. चारच्या जागी दोन भाकऱ्यांत पोट भरायला लागलं. चपाती आम्ही बंद केलेली नाही. मुलांच्या सकाळच्या डब्यात चपातीच असते, रात्री मात्र भाकरी.

भाकरी जमायची तर पीठ ताजं पाहिजे. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नाही, त्यामुळं पिठाला जो काही चिकटपणा येतो तो गरम पाण्यानं फुगलेल्या स्टार्चमधून. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, थापताना कडा चिरतात आणि चवही कडवट लागते. आधी मी महिन्याचं दळण एकदम आणायचे, आता आठवड्याचं आणते. उकळतं पाणी, झाकून थोडा वेळ, मग तळव्याच्या टाचेनं सणसणीत मळायचं. आत्याबाई म्हणतात, "हात दुखल्याबिगर भाकरी फुगत न्हाई." परातीत थापून, तव्यावर टाकून, वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा. ते पाणी सुकायच्या आत उलटायची आणि मग थेट जाळावर. टम्म फुगली की पापुद्रा सुटतो.

धान्याचं सांगायचं तर लातूरच्या बाजारात शाळू मागावा. मालदांडीची टपोरी, मोत्यासारखी ज्वारी रब्बीची असते, आणि खरिपातल्या पावसात भिजून काळपट पडलेल्या हायब्रीडपेक्षा तिची भाकरी गोड आणि मऊ होते. जालन्याकडच्या दगडी ज्वारीला आता भौगोलिक मानांकन मिळालंय, नातेवाइकांनी आणली तेव्हा तिची भाकरी खाल्ली, फारच चवदार. लेकीच्या लोहासाठी मला परभणी शक्ती हा वाण हवा होता. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या साथीनं तो २०१८ मध्ये आणला, आणि त्यात लोह आणि जस्त मुद्दाम वाढवलेलं आहे. पण अडत्याकडं पोत्यावर वाणाचं नाव लिहिलेलं नसतं. शाळू, हायब्रीड, एवढीच भाषा तिथं चालते. माझं कळकळीचं म्हणणं आहे की इतक्या मेहनतीनं तयार केलेला वाण शहरातल्या गिऱ्हाइकाला नावानिशी मिळायला पाहिजे. आमच्या भागात ज्वारीच्या रानात सोयाबीन आलं, ज्वारी मागणारं गिऱ्हाईक कमी झालं, आणि पेरणारा तरी कुणासाठी पेरणार?

पावसाळा सुरू झाला तसा बाजार हिरवा झाला. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथल्या बाजारात सकाळी लवकर गेलं की खेड्यातून आलेल्या बायांकडं रानभाज्या मिळतात. चिवळ, घोळ, पाथरी, तांदुळजा, तरोटा. चिवळीचा वाटा घेतला की निवडायला तास जातो, पण मुगाची डाळ घालून, लसणाची फोडणी देऊन केलेली चिवळ आमच्या घरात भांड्याला चिकटलेलीसुद्धा शिल्लक राहत नाही. मुलगा मेथीला नाक मुरडतो, पण चिवळ मागून घेतो.

अंबाडीबद्दल मात्र सविस्तर बोलायलाच हवं. मीठ कमी करायचं तर आंबट हाताशी ठेवावं, हे मला अंबाडीनं शिकवलं. पानं उकडून, पाणी पिळून घोटायची. सोबत शिजवलेली तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या आणि भिजवलेले शेंगदाणे. कण्यांमुळं भाजीला दाटपणा येतो. भाजी ताटात वाढायची आणि वरून छोट्या पळीत कडकडीत केलेली लसूण-लाल मिरचीची फोडणी प्रत्येकाच्या भाजीवर चमचाभर ओतायची. वरून फोडणी द्यायची ही पद्धत मी आता वरणाला, पिठल्याला, अगदी ताकाच्या कढीलाही लावते. सुरुवातीला पातेल्यात चार पळ्या तेल घातलं की ते सगळ्या भाजीत मुरून जातं, जिभेला कळतसुद्धा नाही. तेच एक पळी तेल शेवटी वरून पडलं की पहिला घास घेतानाच लसणाचा वास लागतो. मीठही तसंच. चिंचेचा कोळ, कैरीची फोड, लिंबू, अंबाडी यातलं काही असलं की अर्धा चमचा मीठ कमी पडलं तरी जाणवत नाही. निलंग्याकडच्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती आमच्या वरणात रोज असते, बोरसुरीच्या तुरीच्या डाळीत.

लिंबाचा दुसराही उपयोग. डाळ-भाकरीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व मदत करतं आणि जेवणावरचा चहा आड येतो. म्हणून लेकीच्या ताटात लिंबाची फोड ठरलेली, हिवाळ्यात आवळा. आणि जेवणानंतर लगेच चहा बंद, मध्ये तासभर तरी जायला हवा. हा नियम तिच्यापेक्षा तिच्या आजीला जड गेला. आत्याबाईंचं जेवण आणि चहा यांच्यात कधी श्वासाचंही अंतर नव्हतं. पण नातीसाठी त्या तो तास थांबायला लागल्या.

संध्याकाळच्या भुकेचा प्रश्न सगळ्यात चिवट होता. शाळेतून, कामावरून आलेल्या माणसाला पाच मिनिटांत काहीतरी हवं असतं, आणि नेमकं त्या पाच मिनिटांसाठीच पाकिटं बनलेली असतात. आमच्याकडं त्यावर तोडगे निघाले ते जुनेच. सुशीला: चुरमुरे भिजवून पिळून घ्यायचे, कांदा-मिरची-शेंगदाण्याच्या फोडणीवर परतायचे, वर भाजलेल्या डाळव्याचं कूट आणि कोथिंबीर. दुपारच्या उरलेल्या भाकरीचा कुस्करा ताकात, नाहीतर कांदा घालून फोडणीला. धपाट्याचं पीठ मळलेलं असेल तर काकडी किसून दोन धपाटे आणि दही. हिवाळ्यात हरभऱ्याचे ढाळे आणि भाजलेली रताळी. नूडल्स घरातून पूर्ण गेलेल्या नाहीत. महिन्यातून एखाद्या वेळी धाकटा मागतो, त्या दिवशी त्यात वाटाणा, गाजर, कोबी घालते. तिथं मी ताणत नाही.

हिवाळ्याबद्दल लिहायचं तर येळवस आलीच पाहिजे. वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर-धाराशिव भागात त्या दिवशी शहरं रिकामी होतात आणि माणसं रानात जातात. आमचं रान औशाकडं आहे. कडब्याची कोप म्हणजे झोपडी उभी करायची, चुन्यानं रंगवलेल्या पाच पांडवांची पूजा करायची, आणि मग वनभोजन. दरवर्षी मी ते जेवण सण म्हणून जेवत आले. गेल्या वर्षी मात्र पोषणाच्या नजरेनं ताटाकडं पाहिलं आणि थक्क झाले. भज्जीत तुरीचे हिरवे दाणे, हरभऱ्याचे सोले, वाटाणा, वालाच्या शेंगा, गाजर, वांगी, मेथी, कांद्याची पात, चाकवत, चिंच, बोरं, जे जे त्या महिन्यात रानात उभं असतं ते सगळं, बेसनाच्या दाटपणात शिजवलेलं. सोबत बाजरीचे उंडे, वाफवलेले, तळलेले नाहीत. ज्वारीच्या पिठाची ताकात आंबवलेली आंबील, बिंदग्यात गार झालेली, लसूण-जिऱ्याचा वास असलेली. गव्हाची खीर तेवढी गोड. पोषणतज्ज्ञ दिवसाला चारशे ग्रॅम भाज्या खा म्हणतात. शहरात हा आकडा गाठायला मला रोज झटावं लागतं, आणि भज्जीच्या दोन वाढण्यांत तो सहज पुरा होतो. घरी आल्यावर मी भज्जीला सणाच्या कोनाड्यातून बाहेर काढलं. हिवाळाभर दर आठवड्याला आमच्याकडं भज्जी झाली. आत्याबाईंना आधी ते पटेना. "येळवशीची भज्जी रोज कोण करतंय बाई?" असं म्हणाल्या. मग तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्यांनीच सोले सोलून ठेवले होते.

त्याच महिन्यांत करडईची कोवळी भाजीही मिळते. तेलाचंही तेव्हाच बदललं. लाकडी घाण्यावरचं करडईचं आणि शेंगदाण्याचं तेल आम्ही आलटून पालटून आणायला लागलो. ते महाग पडतं हे खरं. पण निम्म्यावर आलेल्या वापरामुळं महिन्याचा तेलाचा खर्च फारसा वाढला नाही. घाण्याचं तेल घेतलं म्हणून हात सैल सोडता येत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवावं. तेल कुठलंही असलं तरी त्यातले उष्मांक तेवढेच.

उन्हाळ्याच्या तोंडाला पुन्हा रक्त तपासलं. एचबीए१सी ५.८. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळं एखाद्या आठवड्याचं पथ्य तिच्यात दिसत नाही. ५.८ म्हणजे मी अजून उंबरठ्यावरच आहे, पण घराच्या बाजूला सरकलेय. संध्याकाळच्या चालण्याचाही त्यात वाटा आहे, सगळं श्रेय ताटाला देणं बरोबर होणार नाही. लेकीचं हिमोग्लोबिन १२ च्या पुढं गेलं, तेही गोळ्या आणि जेवण दोन्ही मिळून. ज्यांच्या घरात मुलीचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांना मी हात जोडून सांगते, नुसत्या बीट-गुळावर विसंबून राहू नका. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पूर्ण करा, आणि जेवण त्याला जोड म्हणून धरा.

खरी परीक्षा उन्हाळ्यात झाली. लातूरचा उन्हाळा म्हणजे पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तो उन्हाळा इथल्या कुठल्याच बाईच्या हातातून अजून गेलेला नाही, नळ चालू असला तरी तिचा हात आखडताच असतो. एप्रिल-मेमध्ये पालेभाजी महाग होते, कोमेजलेली मिळते, आणि ती स्वच्छ करायला तीन पाणी लागतात. मी पहिल्या पाण्यात माती खाली बसू देते, भाजी वरून उचलते, आणि तिसरं पाणी पुढच्या खेपेला पहिलं म्हणून वापरते. उरलेलं कुंड्यांना. तरीही भाज्या कमी पडतातच. तिथं वाळवण उपयोगी आलं. हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला सावलीत वाळवून ठेवला होता, त्याची पातळ भाजी शेंगदाण्याचं कूट घालून करते. मुगाचे आणि मटकीचे सांडगे मार्चमध्ये गच्चीवर घातले, त्यात मीठ बेतानंच घातलं आणि सोडा अजिबात नाही. पापड आणि कुरडया मात्र कमी केल्या, कारण पापडखारात आणि मिठात सोडियम ठासून भरलेलं असतं आणि वर त्या तळाव्या लागतात. मोड आलेली मटकी, हुलग्याचं म्हणजे कुळथाचं पातळ माडगं, कांदा-कैरीची चटणी, ताक. मे महिन्यात आमच्या ताटात हिरवा रंग कमी होता, पण डाळी-कडधान्यांची बाजू भक्कम राहिली.

हुलगे उन्हाळ्यात उष्ण पडतात असं आत्याबाईंचं म्हणणं, म्हणून माडगं ताकासोबतच द्यायचं असा त्यांचा दंडक आहे आणि मी तो पाळते. चवीलाही ते बरोबर लागतं.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना मी एकच रविवार मागेन. त्या दिवशी एक दाट करणारा मसाला, एक सुकी चटणी आणि एक आंबट, म्हणजे चिंचेचा कोळ किंवा कैरीचा तक्कू, एवढं करून ठेवा. पुढच्या आठवड्यात तेल थोडं कमी करा आणि घरात कुणाला सांगू नका. पंधरा-वीस दिवसांत जीभ सरावते. मग बाहेरच्या भाजीवरचं तेल आपलं आपल्यालाच नकोसं होतं. आमच्या धाकट्यानं मध्यंतरी एका लग्नात रस्सा पुढं सारला आणि म्हणाला, "आई, याच्यात येसर न्हाई का?"

आमच्याकडं अजून न सुटलेला प्रश्न उपवासाचा आहे. आत्याबाईंच्या एकादशा आणि चतुर्थ्या, माझा सोमवार. साबुदाण्यात बहुतेक नुसता स्टार्चच, आणि खिचडी म्हटलं की तूप, शेंगदाणे, बटाटा हात सोडून घातले जातात. भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर असं मी त्यांच्यापुढं ठेवलं. भगर त्यांना मान्य आहे, राजगिऱ्याची भाकरी थापायला अवघड म्हणून त्या टाळतात, आणि आषाढी एकादशीला साबुदाणा पाहिजेच म्हणतात. सध्या ठरलंय असं की आषाढी, कार्तिकी आणि महाशिवरात्रीला साबुदाणा, बाकीच्या उपवासांना भगर. श्रावण येतोय. श्रावणी सोमवारांचं काय करायचं ते अजून ठरायचंय.